कवितेला सवड लागते? नाही, कागद लागतो

‘नोकरी करणाऱ्याच्या हातून कविता होत नाही, तिला निवांतपणाच हवा,’ हा समज फार जुना आणि साफ चुकीचा आहे. केशवसुत शिक्षक होते, मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाईगिरी केली. बहिणाबाईंच्या ओव्या तर जातं ओढताना आणि शेतात राबताना जन्मल्या.

अडतं ते ‘रविवारी सवडीने लिहू’ या भरवशावर. मंगळवारी सुचलेली ओळ तोवर विरते, उरतो तिचा नुसता आशय, आणि आशयातून लय परत येत नाही. म्हणून ओळ सुचली की आहे त्याच शब्दांत लगेच टिपावी. खिशात छोटी वही ठेवावी; गर्दीत हात मोकळा नसेल तर फोनवर बोलून ठेवावी.

दुरुस्ती मात्र त्याच दिवशी नको. लिहिणारा आणि कापणारा एकत्र बसले की पहिलीच ओळ दहादा खोडली जाते. दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं पुरतात. प्रवासासाठी अष्टाक्षरी, म्हणजे ओळीत आठ अक्षरांचा छंद, सोयीची; बोटांवर मोजता येते. समजा टिपलंय, ‘सात बावन्नच्या लोकलमधली गर्दी’. अक्षरं 14. सात-बावन्न म्हटल्यावर लोकल वेगळी सांगायला नको. उरतं, ‘सात-बावन्नची गर्दी’. बरोबर 8. (जोडाक्षर एकच धरायचं.) पुढची ओळ, ‘डब्यामध्ये कोंडलेली’, तीही आठाचीच. तिसरी उतरायच्या स्टेशनापर्यंत नाही सुचली, तर या दोन तशाच वहीत राहू द्याव्यात.