क्रॉस-प्लॅटफॉर्म मोबाइल अ‍ॅप विकसन

एकाच मूळ कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिमसाठी अ‍ॅप तयार करण्याची पद्धत. ‘बहुमंचीय विकसन’ असा मराठी पर्याय करता येतो. व्यवहारात मात्र ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’च रूढ आहे. अँड्रॉइडसाठी जावा वा कॉटलिनमध्ये आणि आयओएससाठी ऑब्जेक्टिव्ह-सी वा स्विफ्टमध्ये स्वतंत्रपणे लिहिलेल्या अ‍ॅपला ‘नेटिव्ह’ म्हणतात.

पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी दोन मते संभवतात. पहिल्यानुसार तो १९७०च्या दशकातील यूसीएसडी पास्कलच्या पी-कोडपर्यंत मागे जातो. त्यात कंपाइलर (लिहिलेला कोड यंत्राच्या सूचनांत बदलणारा, म्हणजे ‘संकलन’ करणारा प्रोग्राम) एका काल्पनिक यंत्रासाठी सूचना तयार करी आणि प्रत्येक खऱ्या यंत्रावर त्या चालवणारा छोटा प्रोग्राम असे. जावाने पुढे हाच मार्ग धरला आणि २०००च्या सुमारास जे२एमई या जावाच्या लहान उपकरणांसाठीच्या आवृत्तीच्या रूपाने तो फोनपर्यंत पोहोचला. दुसऱ्या मतानुसार खरी सुरुवात २००८-०९ची. वेबपृष्ठाला अ‍ॅपचे आवरण देणारे फोनगॅप आणि सी-शार्पमधील कोड आयफोनवर नेणारे मोनोटच ही त्या काळातील साधने. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जे२एमईचे आभासी यंत्र (म्हणजे वरचे काल्पनिक यंत्र चालवणारा प्रोग्राम) फोनबरोबरच येत असे. आजच्या पद्धतीत मात्र मंचाच्या मालकाने न दिलेली भाषा चालवण्याची सोय बहुधा अ‍ॅपबरोबर न्यावी लागते, आणि या पद्धतीतील बहुतेक अडचणी तेथूनच निघतात.

एप्रिल २०१० मध्ये अ‍ॅपलने विकसकांच्या करारातील कलम ३.३.१ बदलले. अ‍ॅप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ किंवा वेबकिट या अ‍ॅपलच्या ब्राउझर-इंजिनमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असावे, अशी अट त्यात होती. सप्टेंबर २०१० मध्ये ती शिथिल झाली. तांत्रिक बंधन मात्र टिकले: बाहेरच्या अ‍ॅपला चालू असताना नवा यंत्रकोड तयार करून तो चालवण्याची, म्हणजेच ‘जिट’ संकलनाची, मुभा आयओएस सर्वसाधारणपणे देत नाही. त्यामुळे भाषा निवडताना तिच्या मांडणीपेक्षा ‘ती जिटशिवाय, म्हणजे आधीच संकलित होऊन किंवा ओळीओळीने अर्थ लावत, नीट चालते का’ हा प्रश्न निर्णायक ठरतो.

डार्टचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. २०११ मध्ये ब्राउझरसाठी जाहीर झालेली गूगलची ही भाषा तेथे फारशी रुजली नाही. परंतु तिला दोन्ही मार्ग जमतात. विकसन चालू असताना जिट, म्हणून एखादी ओळ बदलताच अ‍ॅप पुन्हा सुरू न करता बदल पडद्यावर दिसतो. वितरणासाठी मात्र थेट यंत्रकोड. डार्टमध्ये अ‍ॅप लिहिण्याचे साधन असलेल्या फ्लटरने (आवृत्ती १.०, डिसेंबर २०१८) हाच गुण उचलला. बटणे, सूची, अक्षरे असे सारे फ्लटर स्वतःच रंगवते. दोन्ही फोनांवर चित्र एकसारखे येते, पण सिस्टिमच्या घटकांचे रूप पुढे बदलले तर ते आपोआप मिळत नाही.

रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (२०१५) हे फेसबुकचे साधन उलट बाजूने जाते. तर्क (अ‍ॅपने काय करायचे ते ठरवणारा कोड) जावास्क्रिप्टमध्ये, पडद्यावरचे घटक खरे नेटिव्ह. जुन्या रचनेत या दोघांमध्ये ‘ब्रिज’ होता आणि प्रत्येक निरोप जेसन या मजकूर-स्वरूपात, असमकालिक रीतीने (उत्तराची वाट न पाहता), त्यावरून जाई. सेकंदाला पडद्याच्या ६० चौकटी (फ्रेम) हव्या असतील तर एका चौकटीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. वेगाने सरकणाऱ्या सूचीत निरोपांची गर्दी झाली की ती मुदत चुकते आणि पडद्यावर रिकामी पट्टी दिसते. नव्या रचनेत जावास्क्रिप्टमधून सी++ वस्तूंना थेट हाक मारता येते, आवृत्ती ०.७६ पासून (२०२४) तीच मूलनिवड (डिफॉल्ट) आहे.

कॉटलिनमधील कोड अनेक मंचांवर वापरू देणारे कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर घोषित झाले. त्यात फक्त तर्क सामायिक ठेवून पडदे स्विफ्टमध्ये लिहिता येतात. मोनोटचपासून आलेली सी-शार्पची झामरिन परंपरा आता मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट माउई या साधनात विलीन झाली आहे.

भाषांमधील फरक बारीक ठिकाणी अधिक बोचतात. जावास्क्रिप्टमधील नेहमीची संख्या ६४ बिटांची ‘फ्लोटिंग-पॉइंट’ संख्या असते, आणि फार मोठे पूर्णांक तीत नेमके मावत नाहीत. सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ हा क्रमांक जेसनमध्ये संख्या म्हणून पाठवला, तर वाचताना त्याचा शेवटचा अंक २ होतो आणि नोंद दुसऱ्याच्याच नावे उघडू शकते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही; म्हणून असे क्रमांक मजकूर म्हणूनच पाठवावेत. डार्टमध्ये फोनवर पूर्णांक ६४ बिटांचा असतो, पण तोच कोड जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित करून वेबवर नेला की हीच मर्यादा परत येते.

मजकुराचेही तसेच. ‘मी’ या शब्दाची लांबी कॉटलिन, डार्ट व जावास्क्रिप्ट २ सांगतात, कारण त्या यूटीएफ-१६ या अक्षरसंकेत-पद्धतीची एकके मोजतात (‘म’ एक, ‘ी’ दुसरे). स्विफ्ट वाचकाला दिसणारे अक्षर मोजते आणि १ सांगते. नावाला कमाल लांबी घालणारी तपासणी एका मंचावर स्विफ्टमध्ये व दुसऱ्यावर कॉटलिनमध्ये लिहिली, तर तेच देवनागरी नाव एका फोनवर स्वीकारले जाते आणि दुसऱ्यावर नाकारले जाते. ही तपासणी सामायिक कोडमध्ये ठेवली की दोन्हीकडे उत्तर एकच येते. ते वाचकाच्या मोजणीशी जुळावे यासाठी दृश्य अक्षरे मोजणारी वेगळी सोय वापरावी लागते, जशी डार्टमध्ये ‘कॅरेक्टर्स’ या पॅकेजने मिळते.