अराख्नी हरली नव्हती

पावसाळा सरत आला की आमच्या कढीपत्त्यावर दरवर्षी एक कोळी येऊन बसते. कोळी बसतो म्हणायला हवं खरं तर, पण मी बसते असंच म्हणते, कारण जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून, आठ पाय दोन-दोन जोडून एक्सच्या आकारात बसलेली असते ती मादीच. नर मोठा झाला की शिकारीचं जाळं विणत नाही, तिच्याच जाळ्याच्या कडेला कुठंतरी असतो आणि इतका बारका की शोधावा लागतो. तिच्या पायांपुढे जाळ्यात पांढऱ्याशुभ्र नागमोडी रेघा असतात, कुणी सही करावी तशा, म्हणून हिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. शास्त्रीय नाव आर्जिओपी अनासुजा.

आता विणणारी मादी म्हटलं की अराख्नी आठवतेच. ग्रीकमध्ये अराख्नी म्हणजे कोळी, आणि त्याच नावाची ही लिडियातली (आजचा पश्चिम तुर्कस्तान) मुलगी, बाप लोकर रंगवणारा रंगारी. तिची गोष्ट सविस्तर सांगितली ती रोमन कवी ओव्हिडनं, सुमारे २००० वर्षांपूर्वी. मला कुणी शिकवलेलं नाही, विणकामाची देवी अथीना हिनं यावं आणि माझ्याशी स्पर्धा करावी, असं ती म्हणाली आणि अथीना खरंच आली. दोघींनी माग मांडले. अथीनानं देवांचा थाट विणला, अराख्नीनं देवांनी बायकांना कसं फसवलं ते विणलं, त्यात पहिलंच चित्र बैल होऊन आलेल्या देवांचा राजा झ्यूसनं पळवलेल्या युरोपा नावाच्या मुलीचं.

लोक ही गोष्ट गर्वाचं घर खाली म्हणून सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. ओव्हिडनं स्पष्ट लिहिलंय की त्या कापडात अथीनालाही खोट सापडली नाही. तिनं चिडून कापड फाडलं, धोट्यानं अराख्नीच्या कपाळावर मारलं, अराख्नीनं गळफास घेतला, मग अथीनाला दया आली आणि तिनं औषधी रस शिंपडून तिची कोळी केली. केस, नाक, कान गळाले, बोटांचे पाय झाले, बाकी सगळं पोट, आणि त्या पोटातून धागा. हे पोटाचं अगदी बरोबर आहे, रेशमाच्या ग्रंथी पोटातच असतात आणि धागा पोटाच्या टोकाकडून निघतो.

आर्जिओपी हे नावही ग्रीक, अर्थ चकाकत्या तोंडाची, १८२६ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ओदुआँनं या कोळ्यांना दिलेलं, आणि यांच्या डोक्याच्या भागावर खरंच चंदेरी लव असते. ग्रीक पुराणात आर्जिओपी बऱ्याच आहेत. एक अप्सरा, थामिरिसची आई, हा थामिरिस गाण्याच्या देवतांनाच आव्हान देऊन बसला आणि त्यांनी त्याचं गाणं काढून घेतलं. दुसरी, एका परंपरेनुसार, युरोपाची आई, म्हणजे अराख्नीच्या कापडावरच्या पहिल्या चित्रातल्या मुलीची.

विणणं बघायचं तर पहाट गाठावी लागते. आधी एक धागा वाऱ्यावर सोडून पलीकडच्या फांदीला अडकवायचा, मग चौकट, मग चाकाला असतात तसे मधून निघालेले आरे, हा तिचा ताणा, हे धागे चिकट नसतात. त्यावर मधून बाहेर तात्पुरती विरळ गोल रेघ, आणि मग उलट, बाहेरून आत येत खरा चिकट बाणा, आणि येताना ती तात्पुरती रेघ काढून टाकत यायची. मागच्या पायानं धागा ओढून प्रत्येक आऱ्याला टेकवते, टेकवला की पुढचा आरा, अंतर चुकत नाही. चिकट धाग्यावर डिंकाचे थेंब मण्यांसारखे असतात, हवेतली ओल धरून ठेवतात. नाकतोडा अडकला की ती आधी चावत नाही, धावत जाऊन रेशमाचे पट्टेच्या पट्टे त्याच्यावर टाकते, गुंडाळून टाकते आणि मग चावते.

त्या पांढऱ्या सहीवरून मात्र शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आधी वाटलं जाळं बळकट करायला असेल. मग दिसलं की हे रेशीम अतिनील किरण परावर्तित करतं आणि ते कीटकांना दिसतात, म्हणजे कीटक ओढले जात असतील, किंवा पक्ष्यांना जाळं दिसून ते टळत असतील, किंवा कोळी स्वतः लपत असेल, आणि वेगवेगळ्या जातींत निकालही वेगवेगळे आलेत. मला तरी एकच कारण असेल असं वाटत नाही.

जुनं जाळं ती खाऊन टाकते, त्यातलं प्रथिन परत नव्या धाग्यात येतं. काल चारही बाजूंना रेघा होत्या, आज सकाळी बघितलं तर फक्त खालच्या दोन.