सरळ रेषेच्या आलेखाला किती बिंदू लागतात?

‘कोष्टकात जितके जास्त बिंदू, तितका आलेख अचूक’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. वक्र काढताना तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण रेषीय समीकरणाला दोनच बिंदू पुरतात, कारण दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते.

मग तिसरा कशाला? फक्त पडताळ्याला. य = (२/३)क्ष + १ घ्या. क्षच्या किमती ३ च्या पटीत घेतल्या की अपूर्णांकांची कटकटच मिटते: -३, ०, ३ साठी य अनुक्रमे -१, १, ३. समजा, -३ चं ऋण चिन्ह निसटलं आणि -१ ऐवजी ३ लिहिलं. (-३, ३) आणि (०, १) जोडले तर उतरती रेषा मिळते, दिसायला अगदी बरोबर! (३, ३) मांडला की बिंदू एकरेषीय नाहीत हे लगेच कळतं.

खरी अचूकता येते बिंदूंमधल्या अंतरातून. १ सेंमी अंतरावरच्या दोन बिंदूंपैकी एक १ मिमी वर सरकला, तर दुसऱ्यापासून १० सेंमीवर रेषा तब्बल १ सेंमी चुकते. म्हणून क्ष = ०, १, २ ही सवय सोडलेली बरी. आणि हो, कोष्टक संपलं म्हणून रेषा संपत नाही. दोन्ही टोकांना बाण हवेतच.