पेज की क्लॅप्टन: वादामागची यादी

इंदुरच्या सराफ्यात रात्री अकरानंतर सोन्याचांदीच्या दुकानांसमोर भुट्ट्याच्या किसाच्या कढया लागतात आणि आमच्या टोळक्यात कुणीतरी हमखास विचारतं, थोर गिटारवादक कोण, ‘पेज की क्लॅप्टन?’ म्हणजे ‘लेड झेपेलिन’चा जिमी पेज की एरिक क्लॅप्टन. जिमी हेंड्रिक्सचं नाव कुणी काढत नाही. ‘रोलिंग स्टोन’ या बड्या अमेरिकी नियतकालिकाच्या थोर गिटारवादकांच्या २००३, २०११ आणि २०२३ या तिन्ही याद्यांत पहिला तोच. भांडण दुसऱ्या नंबरापासून सुरू होतं.

तसा हा खेळ जुना. साठच्या दशकात लंडनच्या एका भिंतीवर ‘क्लॅप्टन देव आहे’ असं कुणी रंगवून ठेवलं होतं आणि तिकडची मासिकं वाचकांचा कौल घेऊन क्रम लावत होती. इंदुरात हे वेड खऱ्या अर्थानं पसरलं ते कॅसेटमुळे आणि नव्वदीतल्या केबलमुळे. साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांत संपे, त्यामुळे भरून घेतलेला एखादा सोलो, म्हणजे गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा, ऐन रंगात तुटायचा. त्यातला एक तिथंच संपतो, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. टीव्हीवर ‘गन्स अँड रोझेस’चं ‘नोव्हेंबर रेन’ लागलं, की चर्चबाहेरच्या धुळीत उभा राहून वाजवणारा त्यांचा गिटारवादक स्लॅश पाहायला सगळे हातातली कामं टाकून यायचे.

म्हणून २००३ची यादी इथं झोंबली. त्या शंभरांत स्लॅश नव्हताच. एडी व्हॅन हेलन सत्तरावा, ‘पिंक फ्लॉइड’चा डेव्हिड गिल्मोर ब्याऐंशीवा. पाचवा मात्र ब्लूज गाणारा-वाजवणारा रॉबर्ट जॉन्सन, जो १९३८ मध्येच वारला. तेव्हा रॉक जन्मालाही आलं नव्हतं! पण यादीच्या मथळ्यात ‘रॉक’ हा शब्द नव्हता, तो आपण जोडला. निम्मं भांडण तिथलंच.

२०११ मध्ये एकाच समीक्षकाऐवजी वादक आणि जाणकारांची मतं घेतली गेली. व्हॅन हेलन आठवा झाला, गिल्मोर चौदावा, क्लॅप्टन दुसरा. स्लॅश आला, पण पासष्टावा.

उरलेलं निम्मं भांडण ‘तयारी’ या शब्दाचं, म्हणजे रियाजानं कमावलेल्या सफाईचं. हे गाव ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचं. त्यांच्या अतिविलंबित, म्हणजे फार संथ लयीतल्या, झूमरा तालात दोन समांच्या मध्ये माणूस चहा पिऊन येईल, असं आमच्याकडे थट्टेनं म्हणत. पलीकडे देवासला रजबअली खाँसाहेब, ज्यांच्या ताना ऐकून लोक अवाक होत. त्यामुळे ‘तयारी आहे’ ही इथं दाद असते आणि टोमणाही. आमच्या एका काकांना मी व्हॅन हेलनचं ‘इरप्शन’ ऐकवलं. पावणेदोन मिनिटांचाही ऐवज नाही तो, १९७८चा. ते म्हणाले, ‘तयारी आहे हो, पण गाणं कुठंय?’ मग गिल्मोर लावला. गिटारच्या एकाच पडद्यावर बोट ठेवून तो तार ओढतो आणि स्वर हळूच वर चढतो. काका सावरून बसले, ‘ही मींड.’ एका स्वरावरून दुसऱ्यावर असं घसरत जाण्याला आपल्याकडे मींड म्हणतात.

तेव्हा मला तो निकाल अंतिम वाटला होता. आता वाटतं, काकांनी व्हॅन हेलनवर अन्याय केला. उजव्या हाताची बोटंही पडद्यांवर आपटून वाजवायचं तंत्र त्याच्या आधी होतं, पण त्यानं त्याची भाषा केली. वाद्यही सुटे भाग जमवून स्वतः जुळवलं. याला नुसती तयारी कसं म्हणायचं?

२०२३च्या यादीत अडीचशे नावं आली आणि क्लॅप्टन पस्तिसावा झाला. घासूनपुसून मांडणाऱ्यापेक्षा नवं काढणाऱ्याला झुकतं माप, असं धोरण सांगितलं गेलं. त्याच्या लॉकडाउनविरोधी भूमिकेचा राग काढला, असं क्लॅप्टनवाले म्हणतात. मला धोरण पटतं, पण मग तेच माप पेजला का नाही? ब्लूज या जुन्या कृष्णवर्णीय अमेरिकी गाण्यांमधून त्यानंही भरपूर उचललं आणि तो तिसरा!

त्याच यादीत सहावी गायिका-गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प आहे आणि नववी गायिका-गीतकार जोनी मिचेल, जी २००३ मध्ये बहात्तरावी होती. लहानपणीच्या पोलिओनं तिचा डावा हात अधू राहिला, म्हणून तिनं तारा वेगळ्या सुरांत लावायला सुरुवात केली आणि त्यातून कुणाकडे नव्हते असे स्वरमेळ निघाले. सराफ्यातल्या कढईपाशी तिचं नाव अजून निघालेलं नाही. तिथं पेज आणि क्लॅप्टनच चालू आहेत.