टेस्कोचं पेट्रोल गाडीला चालतं का?

इंग्लंडमध्ये नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने पहिली सेकंडहँड गाडी घेतली की दोन प्रश्न ठरलेले. विमा एवढा महाग का, आणि टेस्को, आस्डा, मॉरिसन्स, सेन्सबरीज या सुपरमार्केटांच्या पंपावर पेट्रोल एवढं स्वस्त कसं? नावाजलेल्या तेल कंपनीच्या पंपापेक्षा तिथे लिटरमागे काही पेन्स वाचतात, आणि मोटरवेवरच्या पंपाशी तुलना केली तर फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा असतो. दूध-ब्रेड विकणाऱ्याकडे पेट्रोल स्वस्त, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, ही शंका आपल्या सामानाबरोबरच तिकडे गेलेली असते.

शंका उगाच नाही. आपल्याकडे पेट्रोल-डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला. जानेवारी 2011 मध्ये मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधन माफियांनी जिवंत जाळलं. त्या भेसळीचं मूळ किमतीच्या तफावतीत होतं: रेशनचं रॉकेल सरकारी अनुदानामुळे स्वस्त आणि दिसायला-जळायला डिझेलच्या जवळचं. सुपरमार्केटच्या स्वस्ताईचं कारण मात्र अगदी वेगळं आहे. पंप हा त्यांच्यासाठी गिऱ्हाईक आवारात आणण्याचा मार्ग. पेट्रोल भरायला आलेला माणूस आठवड्याचा बाजारही करून जातो, जागा आधीपासून त्यांचीच असते, आणि खप प्रचंड असल्यामुळे लिटरमागे थोडा नफा सुटला तरी भागतं. या स्पर्धेने तिथल्या छोट्या पंपांची वाट लागली, हा भाग निराळा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये 18 हजारांच्या आसपास पंप होते. आता निम्मेही उरलेले नाहीत.

आता पेट्रोलकडे येऊ. ब्रिटनमधल्या कुठल्याही सुपरमार्केटची स्वतःची रिफायनरी नाही. साउदॅम्प्टनजवळची फॉली, चेशरमधली स्टॅनलो, वेल्समधली पेम्ब्रोक अशा मोजक्या रिफायनऱ्यांतून आणि बंदरात उतरलेल्या आयात मालातून पेट्रोल डेपोत येतं. डेपोच्या टाकीवर ब्रँडचं नाव असायचं कारण नाही. एकाच टाकीतून आज सकाळी एका कंपनीचा टँकर भरतो आणि दुपारी तिच्या स्पर्धकाचा. कुणीही विकलं तरी पेट्रोलला ईएन 228 आणि डिझेलला ईएन 590 हे मानक पाळावंच लागतं. त्यात ऑक्टेन, घनता, बाष्पदाब, गंधकाचं प्रमाण असं सगळं बांधून दिलेलं असतं. गंधक किलोमागे 10 मिलिग्रॅमच्या वर गेलेलं चालत नाही, मग पंपावरचा बोर्ड कुठल्याही रंगाचा असो.

मग फरक कुठे पडतो? टँकर भरताना. ड्रायव्हर भरण्याच्या फलाटावर गाडी लावतो, आपलं कार्ड दाखवतो आणि कुणासाठी माल न्यायचा आहे ते यंत्रणेला कळतं. पेट्रोल नळीतून टँकरमध्ये पडत असताना शेजारचा एक छोटा पंप त्याच धारेत त्या त्या ब्रँडचं रसायन मोजून सोडत राहतो. मुख्यतः हे असतं डिटर्जंट, म्हणजे इंजिनात जमणारी काजळी आणि चिकटा धरू न देणारं द्रव्य. प्रमाण दहा लाखांत काही शे भाग. पन्नास लिटरच्या टाकीत म्हणजे चहाचे दोन-पाच चमचे. ब्रँडेड पेट्रोलच्या सगळ्या जाहिराती या चमच्यांवर उभ्या आहेत.

चमचे थोडे असले तरी काम खरं करतात. या रेणूचं एक टोक नायट्रोजनवालं असतं, ते काजळीला जाऊन चिकटतं. उरलेली लांब शेपटी पेट्रोलमध्ये सहज विरघळणारी. तेलकट भांड्यावर साबण जे करतो तेच हे द्रव्य तापलेल्या धातूवर करतं. अमेरिकेत 1995 पासून पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंट घालण्याची सक्ती आहे. ते किमान फारच किमान आहे असं वाटल्याने काही मोटार कंपन्यांनी 2004 मध्ये 'टॉप टियर' नावाचं जास्त कडक मानक काढलं. तिथल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने 2016 मध्ये दोन्ही प्रकारचं पेट्रोल इंजिनावर जाळून पाहिलं. सुमारे 4000 मैल गाडी चालवल्याइतक्या वापरानंतर साध्या पेट्रोलवरच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेवर, सरासरी 19 पट जास्त थर जमलेला होता.

हा आकडा महाग पेट्रोलच्या बाजूने वापरायचा मोह होतो, पण दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे टॉप टियरच्या यादीत कॉस्टको आहे, आणि सभासदांना स्वस्त पेट्रोल विकण्यासाठीच ते दुकान प्रसिद्ध आहे. पंपावरचा दर बघून त्यातल्या डिटर्जंटचा अंदाज बांधता येत नाही. ब्रिटनमधली सुपरमार्केटंही रसायन घालतच नाहीत असं नव्हे. नेमकं काय आणि किती घालतात ते मात्र ती, आणि मोठे ब्रँडसुद्धा, सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुन्या धाटणीच्या इंजिनात पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो, त्यामुळे डिटर्जंट तिथला थर धुऊन काढतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये थेट इंजेक्शन असतं: दोनशे बार किंवा त्याहून जास्त दाबाने पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये मारलं जातं. व्हॉल्व्हला ते शिवतच नाही. त्या व्हॉल्व्हवर इंजिन ऑइलची वाफ येऊन थापत राहते आणि पंपावरचं कितीही महाग पेट्रोल तिथपर्यंत पोहोचू शकत नाही. अशा गाडीत डिटर्जंटचा उपयोग पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी. तिथली भोकं मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी, आणि त्यातली एखादी अर्धी बुजली तरी फवारा तिरका जातो. तेव्हा 'आमचं पेट्रोल व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवतं' हे वाक्य आधी आपल्या गाडीला लागू पडतं का, ते पाहावं.

सुपरमार्केटच्या पेट्रोलने गाड्या खरोखर बिघडल्या असं एकदा झालंय. फेब्रुवारी 2007 च्या अखेरीस इंग्लंडच्या आग्नेय भागात हजारो गाड्या अचानक अडखळायला लागल्या. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा, वेग घेताना दम तुटणं. यातल्या अनेकांनी टेस्को किंवा मॉरिसन्सच्या पंपावर पेट्रोल भरलं होतं. सुरुवातीला तपासण्या निर्दोष निघाल्या, आणि त्या खोट्याही नव्हत्या. पेट्रोलमध्ये सिलिकॉन शिरलं होतं, आणि नेहमीच्या चाचण्यांत सिलिकॉन कुणी शोधतच नव्हतं. ते जळल्यावर त्याचा काचेसारखा थर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर बसत होता. सेन्सरला दिसेनासं झालं की इंजिनचा कॉम्प्युटर चुकीचं मिश्रण द्यायला लागतो. माग काढत गेल्यावर सुई एसेक्समधल्या वेस्ट थरक इथल्या साठवण डेपोकडे वळली. पंपावर कुणी काही मिसळलं नव्हतं. बिघाड वर, पुरवठ्याच्या साखळीत होता, आणि त्या साखळीतून ब्रँडेड पंपांनाही माल जातो. म्हणून 2007 चा दाखला देऊन सुपरमार्केट टाळणं मला पटत नाही. पेट्रोलची पावती जपून ठेवावी, एवढं मात्र त्यातून घेण्यासारखं आहे. सेन्सरच्या दुरुस्तीची भरपाई मागताना तीच उपयोगी पडली.

पंपावर 97 किंवा 99 ऑक्टेनचं सुपर पेट्रोलही असतं. टेस्को स्वतः 99 विकतं, म्हणजे सुपरमार्केट विरुद्ध प्रीमियम अशी विभागणीही खरी नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल ठिणगीआधीच पेटू नये, यासाठीची ती सहनशक्ती. कंपनीने 95 वर चालेल असं सांगितलेल्या घरगुती हॅचबॅकला 99 पाजून फारसं काही हाती लागत नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काय लिहिलंय ते वाचावं. तिथे 98 मागितलं असेल तर मात्र काटकसर नको.

सुपर घेण्याचं एक वेगळं कारण इथेनॉल. सप्टेंबर 2021 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई10 झालं, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. हे सगळ्याच पंपांना लागू आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी, त्यामुळे ई5 च्या तुलनेत मायलेज एक-दीड टक्क्याने उतरतं. 2011 पासून बनलेल्या गाड्यांना ई10 चालतं. त्याआधीच्या काहींच्या रबरी नळ्या आणि सील ते सोसत नाहीत; त्यांनी सुपर, म्हणजे ई5 घ्यावं. ई20 वरून आपल्याकडे जे वाद चालतात त्यांच्या मानाने हा मामला सौम्य आहे.

वर्षाला हजार लिटर जाळणाऱ्या कुटुंबाचे लिटरमागे पाच पेन्सने पन्नास पाउंड वाचतात. वाकडी वाट करून मात्र जाऊ नये. चाळीस लिटर भरायला पाच मैल लांब गेलात तर दोन पाउंड वाचतील आणि जाण्यायेण्यात दीड पाउंडाचं पेट्रोल जळेल. सुपरमार्केट नेहमीच स्वस्त असतं हेही गृहीत धरू नका. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने जुलै 2023 मध्ये दाखवून दिलं की 2019 ते 2022 दरम्यान सुपरमार्केटांनी इंधनावरचा सरासरी नफा लिटरमागे सहा पेन्सने वाढवला होता.

थोडक्यात सांगायचं तर मी सुपरमार्केटचं पेट्रोल बिनधास्त भरीन. गाडी थेट इंजेक्शनची असेल आणि शाळा-बाजार अशा दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांतच फिरत असेल, तर अधूनमधून एखादी टाकी चांगल्या डिटर्जंटवाल्या पेट्रोलची, आणि महिन्यातून एखादी मोटरवेवरची लांब फेरी. वाचलेल्या पैशांतून इंजिन ऑइल वेळेवर बदलावं. वर सांगितलेली व्हॉल्व्हवरची वाफ त्याच ऑइलची.

डिझेलवाल्यांनी एवढं जास्तीचं लक्षात ठेवावं: ब्रिटनमध्ये पंपावर आपलं आपण भरायचं असतं, आणि काळी नळी डिझेलची, हिरवी पेट्रोलची. पेट्रोलची नळी बारीक असल्याने ती डिझेलच्या तोंडात सहज जाते. चुकून भरलंच, तर स्टार्टच्या बटणाला हात लावू नका, इग्निशनसुद्धा चालू करू नका. तोपर्यंत पेट्रोल टाकीतच असतं आणि टाकी उपसता येते. एकदा ते उच्च दाबाच्या पंपात गेलं की डिझेलचा वंगणपणा जातो, पंप घासून त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोहोचतो, आणि बिल हजारो पाउंडांत जाऊ शकतं.