हँडबॉलवाल्याच्या दंडाचं हाड वेगळं असतं

फ्रान्सचा हँडबॉल खेळाडू निकोला काराबातिच २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर थांबला तेव्हा तो ४० वर्षांचा होता. आपल्या कोकणात हे नाव फारसं कुणाला माहीत नसेल, कारण हँडबॉल म्हटलं की आपल्याला आठवतात त्या शालेय स्पर्धा आणि दहावीचे ग्रेस मार्क. पण या माणसाने फ्रान्सला तीन ऑलिम्पिक गोल्ड, चार वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि चार युरोपियन टायटल मिळवून दिली. त्यातलं टोकियोचं गोल्ड तर अजूनच भारी, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचा एसीएल (सांधा धरून ठेवणारा आतला मुख्य पट्टा) तुटला, तेव्हा वय ३६, सगळ्यांना वाटलं संपलं आता, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये हा फायनल जिंकून मोकळा.

मला त्याच्या मेडलांपेक्षा त्याचा उजवा खांदा जास्त इंटरेस्टिंग वाटतो. एवढी वर्षं रोज बॉल फेकून तो हात टिकला कसा?

पुरुषांचा बॉल ४२५ ते ४७५ ग्रॅमचा, घेर ५८ ते ६० सेंटिमीटर. टॉपचे खेळाडू तो ताशी ९०-१०० किलोमीटरने फेकतात. नऊ मीटरच्या रेषेवरून ९० च्या स्पीडने मारलेला बॉल साधारण ०.३६ सेकंदात गोलपर्यंत येतो, आणि माणसाला डोळ्यांनी बघून नुसती हालचाल सुरू करायलाच ०.२ सेकंद जातात. म्हणजे बॉल सुटल्यावर ठरवू म्हणणारा गोलकीपर गेलाच, त्याला फेकणाऱ्याचा खांदा आणि कोपर आधीच वाचावं लागतं. (काराबातिचचे वडील स्वतः गोलकीपर होते, तेव्हा हे बाळकडू त्याला घरातच मिळालं असणार.)

आता हा वेग एकट्या हातातून येत नाही. खाडीवर पाग (हाताने फेकायचं मासेमारीचं जाळं) टाकणारा माणूस नीट बघा, जोर आधी पायातून निघतो, मग कंबर वळते, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी सुटतो, हँडबॉलचा थ्रो अगदी तसाच. पाय-कंबर आळशी राहिली की तेवढं काम खांद्यावर पडतं, आणि खांदा हा मुळात उथळ सांधा, हाडाचा गोळा मोठा नि वाटी लहान. त्याला जागेवर धरून ठेवतात चार छोटे स्नायू, रोटेटर कफ म्हणतात त्यांना. त्यातल्या मागच्या स्नायूंचं काम मला सगळ्यात कठीण वाटतं, कारण बॉल तर सुटून गेला पण हात अजून त्याच वेगात पुढे चाललेला असतो, त्याला सेकंदाच्या छोट्याशा भागात ब्रेक लावायचा असतो. खांदे दुखायला लागतात त्यात या ब्रेकचा वाटा मोठा.

पण खरी गंमत हाडात आहे. जन्मतः आपल्या दंडाच्या हाडाचं वरचं टोक बरंचसं मागे वळलेलं असतं, वाढत्या वयात ते हळूहळू पुढे फिरतं. जी मुलं लहानपणापासून खूप फेकतात त्यांच्या फेकणाऱ्या हातात हे फिरणं कमी होतं, हाड थोडं मागे पिळलेलंच राहतं. हँडबॉल खेळाडूंचे एक्सरे काढून १९९८ मध्ये हा फरक दाखवला गेला. आणि ज्यांच्या हातात हा जास्तीचा पीळ नव्हता त्यांच्यातच खांद्याचं जुनं दुखणं जास्त दिसलं.

घरी करून बघा. पडवीत पाठीवर झोपा, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, पंजा छताकडे. आता दंड तिथेच ठेवून पंजा डोक्याच्या बाजूला जमिनीकडे न्या, मग उलटा पायांच्या बाजूला. आमच्या शाळेच्या टीममधल्या एका मुलीचा उजवा पंजा डोक्याच्या बाजूला थेट लादीला टेकतो, डावा चांगला वीतभर वरच राहतो, आणि पायांच्या बाजूला बरोब्बर उलट, तिथे डावा जास्त जातो. दोन्हीकडची बेरीज जवळपास सारखीच, फक्त उजव्या हाताची सगळी रेंजच मागे सरकलीय. तिची आई घाबरली होती की हात वाकडा झाला की काय, पण तो वाकडा नाही, घडलेला आहे.

आणि खेळ सोडल्यावर? अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंवर २०१४ मध्ये एक सुंदर अभ्यास छापून आला. फेकणाऱ्या आणि दुसऱ्या हाताचं हाड शेजारी शेजारी मोजलं, म्हणजे खाणं-पिणं, आनुवंशिकता सगळं सारखं, फरक फक्त फेकण्याचा. खेळ थांबवून कित्येक वर्षं झालेल्या म्हाताऱ्यांमध्येही हाडाच्या आकारात झालेल्या फायद्यातला निम्मा आणि ताकदीतला एक तृतीयांश फायदा शिल्लक होता. तो अभ्यास पुरुषांवरचा होता, तरी मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे बारावीनंतर खेळ सुटला की "एवढं खेळून काय मिळालं" हे घरात हमखास ऐकायला मिळतं.

गुडघ्याचं तसं नाही. एसीएल एकदा तुटला की ऑपरेशन चांगलं झालं तरी पुढे सांध्याची झीज होण्याचा धोका वाढतोच. तो बहुतेक वेळा धक्क्याने नाही तर डॉज मारताना तुटतो, पाय रोवला, अंग वळलं, गुडघा आत गेला, बस.

म्हणून मला आपल्या पावसाची काळजी वाटते. जून ते सप्टेंबर ग्राउंडवर चिखल, प्रॅक्टिस बंद, आणि मग स्पर्धेची तारीख लागली की पोरांना एकदम रोज शंभर-शंभर थ्रो! डेन्मार्कमध्ये १४ ते १८ वयाच्या हँडबॉल खेळाडूंवर २०१७ मध्ये आलेला अभ्यास सांगतो की आठवड्याचा खेळण्याचा लोड अचानक ६० टक्क्यांहून जास्त वाढला की खांद्याच्या दुखापती स्पष्टपणे वाढतात. त्यात या वयात दंडाच्या वरच्या टोकाची ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढतं तो मऊ थर) अजून उघडी असते, अति ताणाने तीच दुखावते.

उपाय महाग नाहीये. नॉर्वेत ४५ टीमवर करून बघितलं, आठवड्यातून तीनदा वॉर्मअपमध्येच दहा मिनिटं खांद्याचे व्यायाम, आणि दुखणी २८ टक्क्यांनी कमी झाली. रबरी बँड पडवीच्या खांबाला बांधून भर पावसातही असले व्यायाम होतात, भिंतीवर हलके थ्रो होतात, एका पायावर उडी मारून गुडघा आत न जाऊ देता उतरणं होतं. मग ऑक्टोबरमध्ये थ्रो दर आठवड्याला थोडे थोडे वाढवायचे. आणि पीटीच्या सरांना, मॅडमना एक कळकळीची विनंती, पाचवी-सहावीच्या मुलांच्या हातात तो तीन नंबरचा मोठा बॉल देऊ नका हो, बोटांत मावत नाही म्हणून ती मनगट वाकडं करून ढकलतात आणि तीच सवय लागते. त्यांच्यासाठी एक नंबरचा बॉल असतो, ३०० ग्रॅमच्या आसपासचा, तोच आणा.