सरबताचा पेला आणि सहा न्यायाधीश: बडोद्यातल्या इतिहासाच्या तासाची पार्श्वभूमी

इतिहासाच्या तासाला कोर्ट भरवायचं तर बडोद्याच्या शिक्षकाला प्रकरण बाहेरून आणावं लागत नाही. नोव्हेंबर १८७४मध्ये दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड सापडल्याचं सांगितलं गेलं आणि आळ महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीला सहा जण बसले: तीन इंग्रज आणि तीन हिंदी, त्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. बचावासाठी विलायतेहून वकील सार्जंट बॅलंटाइन आले. मतं तीन-तीन अशी फुटली. तरीही एप्रिल १८७५मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन इंग्रज सरकारने महाराजांना गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं. पुढच्याच महिन्यात कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला गेला, तेच पुढचे सयाजीराव.

मी हे कोर्ट नववीत पहिल्यांदा भरवलं ते साफ फसलं. अर्धा तास फेटे बांधण्यात गेला, मल्हारराव कोण व्हायचं यावरून दोघं हमरीतुमरीवर आले आणि ‘सरबत’ हजेरीपटावर सांडलं. पुढच्या वर्षी फेटे बंद. त्याऐवजी रेसिडेन्सीतले नोकर रावजी आणि नरसू, आया अमिना आणि महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांच्या साक्षींची टाचणं वाटली, आणि प्रत्येक कागदावर एकच प्रश्न: हा माणूस असं का सांगतोय? दामोदरपंत माफीचे साक्षीदार होते हे कळल्यावर वर्गाचा सूरच बदलला.

यामागची रीत नवी नाही. कीटिंज या ऑक्सफर्डच्या अध्यापकाने १९१०च्या सुमारास शाळेतल्या मुलांपुढे मूळ कागद ठेवून त्यांच्यावर प्रश्न विचारायची पद्धत मांडली. शाळाशाळांत ती मुरायला बराच काळ गेला. १९७२मध्ये इंग्लंडात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी इतिहासाचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा कुठे ‘पुरावा तपासणं’ हा अभ्यासक्रमाचाच भाग झाला. आपल्याकडे २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीच्या पुस्तकांत मूळ उतारे आणि कृतींच्या चौकटी आल्या. परीक्षा मात्र पुष्कळशी सनावळीचीच राहिली, त्यामुळे वेळ कमी पडला की आधी चौकटींवरच काट बसते.

बडोद्याचा स्वतःचा धागा मला जास्त ओढ लावतो. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९मध्ये सयाजीरावांच्या नोकरीत आले आणि राजपुत्रांना शिकवू लागले. शिकवण्यासाठी काढलेली टिपणं वाढत गेली आणि त्यांतूनच ‘मराठी रियासत’सारखे त्यांचे इतिहासग्रंथ, म्हणजे रियासती, जन्मल्या. पुढे याच रियासतकारांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले. शिकवता शिकवता माणूस मूळ कागदाकडे कसा वळतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

१९०६मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू झालं. १९१०मध्ये बोर्डन हे अमेरिकी ग्रंथपाल आले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. ग्रंथालय खात्याची एक शाखा चित्रं दाखवण्यासाठीच होती: मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोप, पुढे सिनेमाही. अंधाऱ्या चावडीत भिंतीवर उमटलेला दूरचा देश बघून एखादं पोर काय विचारत असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

हल्ली दांडिया बाजारातली मराठी पोरंसुद्धा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात असतात, म्हणून टाचणं मी तिन्ही भाषांत काढतो. सोबत घरातला सयाजीरावांचा तांब्याचा पैसा नेतो. त्यावर गुजरातेत चालणारा विक्रम संवत आहे, महाराष्ट्रातला शक नाही. राजा मराठी, मग हे कसं? मग इसवी सन काढायला कुणी ५७ वजा करतं, कुणी ५६. गुजरातेत वर्ष दिवाळीनंतर बदलतं, त्यामुळे दोन्ही उत्तरं चालतात, आणि दोघंही एकमेकांना चुकलेले समजून घंटा होईपर्यंत भांडतात.

कोर्टात सहा मुलांची मतं मागच्या वर्षी तीन-तीन झाली. यंदा पाच विरुद्ध एक. त्या एकीचं म्हणणं होतं, पेला धुतला कुणी ते आधी सांगा.